समोरासमोरच्या दोन फटी

गल्लीतले लोक त्याला बादलीदादा म्हणत. बादल्या तो करायचाच, पण त्याचा हात खरा बसला होता तो टबांवर. गुडघ्याहून थोडे उंच, दोघांनी दोन बाजूंच्या कड्या धरून उचलायचे, धुलाईखान्यात चादरी गरम पाण्यात भिजवायला लागणारे लाकडी टब. उभ्या फळ्या गोलाकार लावायच्या, बाहेरून लोखंडी पट्ट्या ठोकून आवळायच्या आणि आतल्या बाजूने तळाशी खाच पाडून तिच्यात बूड बसवायचं. खिळा नाही, सरस नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि आपल्या फटी आपणच बुजवतं. हे काम तो वडिलांकडून शिकला. वडील जाऊन तेवीस वर्षं झाली, तरी त्याने त्यात काडीचा बदल केला नव्हता. करण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

बुडाचा त्याला विशेष अभिमान. चार-पाच फळ्या जोडून तो त्यांच्यावर कंपास फिरवायचा, रेघेबरहुकूम कापायचा, कानशीने कड साफ करायचा आणि मग ते बूड खाचेत असं घट्ट बसवायचा की केस शिरायला जागा राहू नये. "चंद्रसुद्धा महिन्यातून एकदाच गोल असतो," तो म्हणायचा, "माझं बूड रोज."

टब गळतो अशी तक्रार घेऊन कुणी आलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "वाळू दिला असेल. टब पाण्यात ठेवायचा असतो. रिकामा ठेवाल तर रडणारच तो." मग हातोड्याने पट्ट्या खाली ठोकून, टब दुरुस्त करून तो परत द्यायचा. काही महिन्यांनी तोच टब पुन्हा दारात. दुकानातलं निम्मं काम हे असंच होतं आणि त्यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं.

त्याची धाकटी बहीण इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. चौदा वर्षं झाली होती तिला तिथे. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, तिची मुलगी लग्नाच्या वयाची झाली तरी. एका वर्षी बॉयलरच्या दुरुस्तीसाठी धुलाईखाना पंधरा दिवस बंद राहिला. उघडला त्या दिवशी सकाळी धाकटी आणि तिची जोडीदारीण गरम पाण्याचा टब उचलून चार पावलं चालल्या असतील नसतील, टबाचं बूड खाली निखळलं. जोडीदारीण मागे उडी मारून वाचली. धाकटीच्या दोन्ही पायांवर, पोटऱ्यांपासून बोटांपर्यंत, सगळं पाणी गेलं.

दुपारी भाची धावत दुकानात आली तेव्हा बादलीदादा रंधा मारत होता. तो तसाच, अंगावरची सालपटं न झटकता निघाला. बायको त्याच्या मागोमाग आली. धाकटी इस्पितळातल्याच एका खाटेवर होती. पायांना पट्ट्या, चेहरा पांढराफटक. त्याने खुर्ची ओढली, बसला, उठला, पुन्हा बसला.

"कुणी केला होता तो टब?"

धाकटीने भिंतीकडे पाहिलं. "काय माहीत, दादा. जुना होता."

"जुना असला म्हणून काय झालं? बूड पडतं म्हणजे काय? अडाण्याचं काम आहे हे. खाच उथळ पाडली असणार. नाहीतर लाकूड ओलं वापरलं असणार. असल्या माणसाच्या हातातून करवत काढून घेतली पाहिजे."

तो पाव तास बोलत राहिला. बायकोने दोनदा त्याच्या बाहीला हात लावला, पण त्याच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर तो एक दिवसाआड बहिणीकडे जाई आणि दर वेळी त्या अडाण्याचा उद्धार करून येई. धाकटी ऐकून घ्यायची.

नवव्या दिवशी तिची चप्पल आणि शाल आणायला तो धुलाईखान्यात गेला. तिथल्या मुकादमबाईंनी दोन्ही वस्तू त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. त्या टबाच्या फळ्याही घेऊन जा. बंबात घालायला माझं मन होईना."

भिंतीशी फळ्यांचा ढीग होता आणि त्याच्यावर बूड टेकवून ठेवलं होतं. त्याने ते उलटं केलं. कडेजवळ तापल्या सळईने डागलेले तीन ठिपके होते. ते तो स्वतः, प्रत्येक टबावर, शेवटचं काम म्हणून डागत असे.

"हा माझा आहे," तो म्हणाला.

"तुमचाच. तिने सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"मला म्हणाली, दादाचं नाव कागदावर घालू नका. म्हणून मी 'जुना टब' एवढंच लिहिलं."

त्याने फळ्या गोणीत भरल्या. घरी आल्यावर गोण उतरवून तो बायकोला म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"सांगितलं नव्हतं कुणी. तिच्या तोंडावरून कळलं."

"मग मला कसं नाही कळलं?"

"अहो, तुम्ही तिच्याकडे कुठे बघत होता? तुम्ही टबाकडे बघत होता, आणि तोही तिथे नव्हता."

पहिले दोन दिवस त्याने स्वतःची बाजू मांडण्यात घालवले. ऐकणारं कुणी नव्हतं, तरी मांडली. पंधरा दिवस टब कोरडा ठेवला, त्याला मी काय करणार? पट्ट्या तपासल्या नाहीत, त्याला मी काय करणार? तिसऱ्या दिवशी मात्र त्याने ते बूड ओट्यावर ठेवलं आणि सहज चाळा म्हणून त्याच्यावर कंपास लावला. लाकडाच्या रेषांच्या दिशेने माप बरोबर भरलं. रेषांना आडवं धरलं तर बूड तीन सूत, म्हणजे पाव इंचाहून जास्त, कमी. त्याने कंपास पुसून पुन्हा लावला. तीन सूत कमीच. मग बूड पाण्यात बुडवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते फुगलं होतं, पण पहिल्या मापाला काही पोचलं नव्हतं. ज्या दोन बाजू आखडल्या होत्या त्यांची कड चेपलेली होती, जणू कुणी चिमटीत धरून दाबली असावी.

हे काय आहे ते त्याला कळेना. म्हणून तो बहिणीकडे गेला. या खेपेला त्याने खुर्ची तिच्या अगदी समोर ओढली.

"तू चौदा वर्षं माझे टब वापरतेस," तो म्हणाला. "कुठून गळतात ते?"

धाकटीने त्याच्याकडे नीट पाहिलं. टब कुणाचा होता ते त्याला कळलंय, हे तिच्या ध्यानात आलं.

"दोन जागांहून. समोरासमोर."

"नेहमी?"

"नेहमी. बुडाच्या फळ्या ज्या दिशेला जातात ना, तिकडे नाही. त्यांच्या आडव्या बाजूंना. नव्या बाईला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, फळ्यांच्या तोंडाशी उभी राहा, बाजूला राहिलीस तर पाय भिजतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की. कामाला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी. तू म्हणालास, तुम्ही टब वाळू देता."

त्याला तो दिवस आठवला नाही. पण उत्तर आपलंच आहे, हे ओळखायला आठवण लागत नव्हती.

त्यानंतरचे दोन महिने बादलीदादाने नव्या कामाला हात लावला नाही. बुडाच्या चकत्या कापायच्या, भिजवायच्या, छपरावर उन्हात वाळवायच्या, मोजायच्या, पुन्हा भिजवायच्या. शेजारचे विचारायचे, "दादा, पापड घातलेत का?" हळूहळू गोष्ट उलगडली. लाकूड लांबीला वाढत नाही, आडवं वाढतं. हे त्याला आयुष्यभर ठाऊक होतं, पण बुडाच्या बाबतीत त्याने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. तो बूड घट्ट बसवायचा. पाणी लागलं की ते आडवं फुगू बघायचं, पण जागाच नसायची. मग त्याची कड खाचेत चेपून जायची. टब वाळला की बूड आखडायचं, आणि चेपलेली कड काही परत यायची नाही. म्हणजे दर भिजण्या-वाळण्याला ते थोडं थोडं लहान होत जायचं. जितकं घट्ट बसवलेलं, तितकं लवकर. त्याच्या कारागिरीतली जी गोष्ट तो सगळ्यांना दाखवायचा, तिनेच बूड पाडलं होतं.

मग त्याने बूड आडव्या अंगाला किंचित अरुंद कापलं. पहिलं इतकं अरुंद झालं की पाणी ओतल्या ओतल्या घोट्यापर्यंत आलं. दुसरं बरं होतं. तिसऱ्याला त्याने कोरड्या लाकडासाठी दीड सूत सोडलं आणि ते जमलं. बूड आता त्याच्या डोळ्याला लांबट दिसायचं. पहिल्यांदा ते ओट्यावर पडलेलं पाहून त्याला शरम वाटली, कुणी आलं तर दिसू नये म्हणून त्याने त्यावर गोणपाट टाकलं.

पट्ट्यांचा प्रश्न उरला होता. टब वाळला की पट्ट्याही सैल पडतात, आणि त्या ठोकायला हात लागतो. त्याने खालच्या पट्टीची दोन टोकं बाहेर वळवून त्यांतून बोल्ट घालायचं ठरवलं, म्हणजे पाना फिरवला की पट्टी आवळली. लोहाराने पट्टी वळवता वळवता विचारलं, "आणि बायका स्वतःच टब आवळायला लागल्या, तर तुम्ही काय करणार?"

"झोपेन," बादलीदादा म्हणाला.

पहिला टब त्याने बहिणीच्या अंगणात नेऊन ठेवला. तोपर्यंत ती काठी धरून चालू लागली होती. खुर्चीत बसून तिने मुलीकडून त्यात पाणी भरून घेतलं, चादरी भिजवून घेतल्या, काठावर पिळून टाकायला लावल्या. चार दिवसांनी तिने भावाला निरोप पाठवला. तो आला तर तिने एक चादर त्याच्यासमोर धरली. तिच्यावर तांबूस डाग होता.

"बोल्टचा गंज. इस्पितळाची चादर असती तर मुकादमबाईंनी मला सोलून काढलं असतं."

"पितळेचा घालतो."

"आणि त्याचं डोकं खाली कर. पदर अडकतो."

"करतो."

"आणि बूड सुटलंच तर?"

"आता नाही सुटणार. मी सगळं मोजून..."

"दादा."

तो थांबला. तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते. त्याने टब उपडा केला आणि बराच वेळ त्याच्या तळाकडे पाहत बसला. शेवटी त्याने बुडाखालून एक जाड, आडवी लाकडी पट्टी घातली, तिची टोकं दोन्हीकडच्या फळ्यांत रोवली. बुडाला ती खिळली नाही, म्हणजे बूड हवं तसं फुगायला मोकळं. पण निखळलं, तर पट्टीवर अडकणार. पाणी गळून जाईल, एकदम कोसळणार नाही. वडिलांनी असली पट्टी पाहिली असती तर कारागिराला स्वतःच्या कामाचा भरवसा नाही असं म्हणाले असते. बादलीदादाने ती घातली.

मुकादमबाईंनी तो टब बॉयलरमागच्या गरम खोलीत पंधरा दिवस कोरडा ठेवला. सोळाव्या दिवशी सगळ्या बायका जमल्या. पाणी ओतलं. खाली थोडी ओल आली. धाकटीने भिंतीला धरून वाकून पाना लावला, पाऊण फेरा फिरवला, ओल थांबली. दोघी बायकांनी टब उचलून खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला नेला. धाकटी तेवढा वेळ दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"असे सगळे करून द्या," मुकादमबाई म्हणाल्या.

"देतो. आधी तो कागद काढा."

"कुठला?"

"अपघाताचा. त्याच्यावर माझं नाव घाला."

"आता कशाला? झालं गेलं."

"घाला. टब माझा होता."

मुकादमबाईंनी फाइल काढली आणि लिहिलं. त्याने ते वाचून पाहिलं आणि परत दिलं.

त्यानंतरचं सबंध वर्ष तो लोकांच्या घरी आणि कारखान्यांत जाऊन आपले जुने टब उघडून नीट करत होता. कुणी बोलावलं नव्हतं. रंगाऱ्याकडचे सात, दूधवाल्याकडचे चार, धर्मशाळेतले दोन. काही जण म्हणाले, आमचा तर ठीक आहे. तो म्हणायचा, असेल, आणि पट्ट्या काढायला बसायचा. दुसऱ्या गल्लीतल्या एका टबवाल्याने आडवळणाने चौकशी केली तर त्यालाही त्याने माप दाखवून टाकलं. दुरुस्तीला येणारे टब कमी होत गेले. दुपारी दुकानात शांतता असायची. बायको म्हणायची, "छान झालं, आता तुम्ही दुपारी घरी जेवाल आणि माझ्या डोक्यावर बसाल." तो खरंच घरी जेवू लागला.

धाकटी कामावर परतली, पण धुलाईला नाही. ओल्या फरशीवर आणि वाफेत तिचे पाय तग धरेनात. तिला इस्त्री आणि रफूच्या खोलीत घेतलं. डाव्या पायाची दोन बोटं आखडून राहिली होती, जिना उतरताना ती पाऊल तिरकं टाकायची. भावाने तिची माफी मागितली नाही, निदान शब्दांत नाही. तिनेही तो विषय काढला नाही.

सुट्टीच्या दिवशी मात्र ती दुकानात येऊ लागली. आधी नुसती बसायला, मग तयार टब पाहायला. कड्या धरून उचलून बघायची, काठावरून हात फिरवायची. तिने मान हलवल्याशिवाय टब बाहेर जात नाही असं केव्हापासून झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. एकदा एक नवा टब तिने उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"हा नको."

"का? गळतोय?"

"कडी हातात रुतते. भरलेला नेताना बोटं बधिर होतात. सगळ्याच टबांचं असं आहे, पण याचं जरा जास्तच."

"चौदा वर्षं रुततेय?"

"हो."

त्याने टब जवळ ओढला, कडी काढली आणि तिला म्हणाला, "हात दाखव. धरतेस कशी ते दाखव."

तिने मूठ आवळून दाखवली. त्याने पेन्सिल घेतली आणि तिच्या मुठीचं माप एका फळीच्या तुकड्यावर उतरवू लागला.