सरकारी तलवारीची राखण

तलवारबंदीला आठ वर्षं झाली तरी गेन्नोजो चालताना डावीकडे कलायचा. कमरेला काही नव्हतं, पण शरीराला सरकारी हुकूम वाचता येत नाही. मात्सुएतले बरेच सामुराई आता छत्र्यांच्या काड्या तासत. तोही तासायचा, आणि गिऱ्हाइकाने भाव विचारला की असा बघायचा, की गिऱ्हाईक भिजणं पत्करायचं.

एकच चैन त्याने राखली होती. परसातली चहाची खोली. तिचं दार गुडघ्यांवर सरपटत आत जाण्याइतकं ठेंगणं, आणि बाहेर भिंतीला तलवारींची फळी. येणारा सरदार का असेना, त्याने तलवार फळीवर ठेवायची आणि मान वाकवून आत यायचं. त्या फळीवर पूर्वी दर महिन्याला त्याच्या जुन्या मित्राची, हान्पेइची तलवार असायची. बाहेर दोघांचे चेहरे दगडाचे. आत शिरले की पोरं व्हायची. फसलेल्या प्रेमापासून मूळव्याधीपर्यंत सगळं हान्पेइने त्याच खोलीत सांगितलं होतं. गेन्नोजोला तलवारीची आठवण फारशी येत नसे. ती उतरवल्यावर जे हलकं वाटायचं, त्याची यायची. आता माणूस उतरवणार काय?

हान्पेइ पोलिसात गेला. पोलिसाला तलवार मिळते, विलायती घाटाची, पितळी मुठीची. कामावर असताना ती अंगावेगळी करायची नाही हा तिकडचा नियम, आणि चौकीत तो एकटाच, म्हणजे कायम कामावर. खोलीत पातं न्यायचं नाही हा इकडचा नियम. दोघेही नियमाचे पक्के, त्यामुळे दोन वर्षं चहा बंद.

आज हान्पेइ निरोप घ्यायला आला होता. उद्या दूर उत्तरेला, होक्काइदोला बदली. या वयात तिथून कोण परत येतं?

"चहा घेऊन जा," गेन्नोजो म्हणाला.

"कामावर आहे रे."

"फळी आहे."

"सरकारी माल आहे. चोरीला गेला तर?"

"सामुराईच्या तलवारीला कोण हात लावतं?"

"सामुराईच्या नव्हतं लावत कोणी. ही पोलिसाची आहे."

गेन्नोजोची बायको ओशिगे परसात कपडे वाळत घालत होती. "अहो, येऊ द्या की भावोजींना तलवारीसकट. बघतंय कोण?"

"खोली बघते."

"ती खोली रोज मीच झाडते. मला तर कधी काही बोलली नाही!"

हान्पेइ हसला. मग इकडेतिकडे बघून त्याने पट्ट्याचा आकडा काढला, तलवार फळीवर ठेवली, बूट काढले आणि सरपटत आत गेला. घट्ट विजारीत गुडघे दुमडेनात, तेव्हा ओंडका ठेवावा तसा त्याने स्वतःला चटईवर ठेवला.

गेन्नोजोने चहाची हिरवी पूड गरम पाण्यात घुसळली. दोन वर्षं साठवलेलं बोलणं ओठांशी आलं होतं. पण हान्पेइचे डोळे दाराकडे. बाहेर कोंबडी फडफडली तरी त्याची मान वळायची. माणूस आत आला होता, जीव बाहेर फळीवर होता.

गेन्नोजोने वाटी त्याच्यापुढे ठेवली. मग यजमानाने कधी करू नये ते केलं. पाहुण्याला टाकून बाहेर गेला आणि फळीखाली मांडी घालून बसला.

"अरे, कुठे चाललास?"

"तू पी. मी राखतो."

"आणि तुझा चहा?"

"पी रे तू."

मग भिंतीपलीकडून आवाज आला, जुना, सैल. "गेन, तिकडे बर्फ फार असतं म्हणे."

"असतं म्हणे."

"भीती वाटते रे मला. घरी नाही बोललो."

डोक्यावर तलवार होती, हात वर केला की लागली असती. पण दुसऱ्याच्या तलवारीला हात लावत नाहीत. गेन्नोजोने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बोल," तो म्हणाला.

हान्पेइ बोलत राहिला. बायकोचं, दम्याचं, वरच्या साहेबाच्या मिशीचं. दोघं भिंतीच्या दोन बाजूंना हसले. मग सांगायचं संपलं, उरला वाटीतला चहा.

चहा संपवताना पाहुणा शेवटचा घोट मोठ्याने ओढतो, म्हणजे आता निघायची वेळ झाली हे यजमानाला समजतं. गेन्नोजो कान देऊन बसला होता, तो आवाज येऊ नये असं म्हणत. आत हान्पेइही बहुधा थंड झालेली वाटी नुसतीच धरून बसला होता.