आजोबांचा होकार

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझं नाव कन्सेन्शंट. जातीने विशेषण, मूळचा लॅटिन. ‘एकत्र’ आणि ‘वाटणे’ हे दोन शब्द जोडून मला घडवलं. सगळ्यांना आतून एकच गोष्ट वाटत असेल, तिथे मला वापरायचं. मी माणसांना लागतो, त्यांच्या मतांनाही लागतो. एके काळी विद्वान माणसं मला मानाने बोलवत. मग युनॅनिमस नावाच्या माझ्या भाऊबंदाने सगळी कामं पळवली आणि मी शब्दकोशात पडून राहिलो.

पण परवा काय झालं, ऐका! एका गॅरेजवाल्याच्या मुलीने मला शोधून काढलं. गॅरेजात कुत्र्याचं पिल्लू आलं होतं आणि आईने बजावलं होतं, “सगळ्यांचं एकमत झालं तरच ठेवायचं. नाहीतर उद्या देऊन टाकायचं.”

मुलगी जेवताना ओरडली, “आपलं घर कन्सेन्शंट आहे!”

“अगं बाई, हा कुठला नवीन आजार?” बाबा म्हणाले.

“एकमताचं, बाबा! तुम्ही हो, आई हो, मी तर केव्हाची हो.”

“आणि आजोबा?” आईने विचारलं.

“ते काही बोललेच नाहीत. म्हणजे हो.”

मी तिच्या जिभेवर तडफडलो. गप्प माणसाच्या नावावर मला खपवायचं नसतं!

“विचारलंस का त्यांना?” आई म्हणाली.

आजी गेल्यापासून आजोबांना कुणीच काही विचारत नव्हतं. मुलगी त्यांच्या खोलीत गेली.

“आजोबा, पिल्लू ठेवू या?”

“नको.”

“का हो?”

“जीव लावायचा आणि मग ते गेलं की एकटं बसायचं. पुन्हा नाही जमायचं मला.”

मुलीचा चेहरा पडला. मीही धसकलो. ती त्यांच्याजवळ बसून राहिली. मग हळूच म्हणाली, “तुम्ही जीव नका लावू. ते मी करते. तुम्ही त्याला नुसतं रागवत जा.”

आजोबांना हसू फुटलं. “ते जमेल मला. ठेव.”

“मनापासून?”

“मनापासून गं, माझे आई!”

ती धावत सुटली आणि घरभर माझं नाव घेऊन ओरडली! एवढा आनंद मला विद्वानांनीही दिला नव्हता.

मित्रांनो, मला वापरा, मी झिजणार नाही. पण त्याआधी घरात जे माणूस गप्प असेल, त्याच्याजवळ जरा बसा. ते ‘नको’ म्हणालं, तरी लगेच उठू नका.