पुढील तारखेपर्यंत

"ऐश्वर्या, तारीख मागू नकोस," महिपतकाकांनी मला जिन्यात अडवून सांगितलं होतं. अंतरा माझ्या कडेवर होती, तापाने फणफणलेली, अंगभर कांजिण्या. मी "बघू काका" म्हणाले आणि दार उघडलं.

काका आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. अठ्ठावीस वर्षं हायकोर्टात चोपदार होते. न्यायमूर्ती कोर्टात यायला निघाले की त्यांच्या पुढे दंड घेऊन चालायचं, हे त्यांचं काम. मानपाड्यातली आमची बिल्डिंग खोट्या परवानगीवर उभी आहे हे आम्हाला पाडायची नोटीस आली तेव्हा कळलं. चोवीस घरांनी मिळून याचिका केली. त्यात पहिलं नाव माझं, कारण मी शिकलेली. दोन न्यायमूर्तींच्या बेंचने स्थगिती दिली, दोन दिवस सगळं नीट ऐकलं आणि आणखी एक प्रतिज्ञापत्र मागितलं. सहीसाठी मी जायला हवं होतं.

काका माझ्या मागोमाग दारापर्यंत आले. "सर्वेशकडे ठेव ना पोरीला, बाप आहे तिचा."

"त्याची शिफ्ट आहे. एकच आठवडा मागायचाय, काका. आपल्या वकील मृणाल मॅडम म्हणाल्या, मिळेल."

"मिळेल गं. तारखा काय, ढिगाने मिळतात. पण तेच जज मिळतील का?"

"का, ते काय पळून जाणारेत?"

"सोमवारपासून रोस्टर बदलतंय. कोणी काय ऐकायचं ते चीफ ठरवतात. आज आपलं ऐकणारे उद्या फौजदारी अपिलं ऐकतील, नाहीतर नागपूरला बसतील. नवे आले की पुन्हा पहिल्या पानापासून."

"तुम्ही पण ना काका, रिटायर झालात तरी पुढे पुढेच चालता."

ते हसले. मला वाटलं, विषय संपला.

आठवडा मिळाला. आदेशात लिहिलं होतं, स्थगिती पुढील तारखेपर्यंत. मी ते वाचलं आणि फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले.

त्या तारखेला समोर वेगळेच दोघे न्यायमूर्ती होते. आमचा नंबर शहाऐंशी. साडेचारला बावन्नावा चालू होता. तो संपला आणि ते उठले. मृणाल मॅडम हात वर करून पुढे जाईपर्यंत खुर्च्या रिकाम्या. मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळीच स्थगिती वाढवून मागते." दुसऱ्या दिवशी एक न्यायमूर्ती रजेवर होते, बेंच बसलंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पालिकेची माणसं पोलीस घेऊन गेटवर.

मी आदेश दाखवला. अधिकारी वाईट नव्हता. त्याने चष्मा वर सरकवून तो दोनदा वाचला. "ताई, पुढील तारखेपर्यंत. ती तारीख तर परवा होऊन गेली."

पाणी तोडलं, लाइट तोडली. एकेक जण सही करून चावी देऊन निघालं. मीही दिली. मांडीवर पोर असताना अजून काय करणार होते, हे स्वतःला रोज विचारते.

काकांनी मात्र चावी दिली नाही. मी वर गेले तेव्हा मेणबत्त्या मोजून ठेवत होते.

"केस कोर्टाच्या बोर्डावर आहे, तोवर मी हलणार नाही," म्हणाले.

"काका, माझ्यामुळे झालं हे."

"छे गं. अंतराच्या खपल्या पडल्या का?"

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

आता मी कळव्याला माहेरी आहे. नवी तारीख शुक्रवारची. बिल्डिंग पाडायचं मशीन गुरुवारी येणार. आधी ऐका म्हणून मॅडम रोज कोर्टात उभ्या राहतात. कोर्ट म्हणतं, शुक्रवारी ऐकू. परवापासून काकांचा फोन बंद लागतोय. काल मी गेले, तर शिपायाने गेटवरच अडवलं. "चावी दिलेल्यांना आत सोडायचं नाही. वरचा म्हातारा? गेला असेल की कुठेतरी." आत जाऊन बघायला तो तयार नव्हता. मी खालून हाका मारल्या. अंतरानेही मारल्या.

तुम्ही मानपाड्याच्या बाजूला राहत असाल तर एवढं करा. बिल्डिंगच्या मागच्या गल्लीतून तिसऱ्या मजल्याची गॅलरी दिसते. दोरीवर पांढरा सदरा असतो, भरून ठेवलेल्या पाण्यातून ते रोज धुतात. काल तो दोरीच्या डाव्या टोकाला होता; अजून तिथेच असेल तर मोठ्याने हाक मारा. त्यांना कमी ऐकू येतं. दोनतीनदा मारा. ओ आली नाही तर गेटवरच्या शिपायाला घेऊन वर जा. तुम्ही चावी दिलेली नाही, तुम्हाला सोडतील.