उजव्या हाताची माती

शमुवेल भालेराव जिवंत होता आणि त्याची कबरही होती. सगळ्या शमुवेलची नव्हे, फक्त उजव्या हाताची, मनगटापासून पुढच्या. चाकणच्या एका कंपनीत पॉवर प्रेसखाली तो हात गेला. हात मधे आला की मशीन थांबावं म्हणून प्रेसला सेन्सर होता, पण मशीन थांबलं की माल कमी निघतो, म्हणून सगळ्या ऑपरेटरांनी सेन्सर बायपास करून ठेवले होते. शमुवेलनेही. ज्या हाताने त्याने ती वायर जोडली तोच हात गेला, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कोणी सापडेना.

हात परत जोडता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दवाखान्यातली माणसं तो कचऱ्यात पाठवायला निघाली. तेव्हा त्याची बायको मोनिका दारात आडवी उभी राहिली. याचा बाप्तिस्मा हातासकट झालाय, हात मातीतच जाईल, म्हणाली. एरवी ती रिक्षावाल्याशीसुद्धा वाद घालत नाही. त्या दिवशी मात्र तिने हात मागून घेतला, तळवड्याच्या सुताराकडून पेटी करून घेतली. पेटीचं माप ऐकून सुताराला वाटलं, बाळ गेलं असणार.

दफनभूमी दिघीच्या बाजूला, लष्कराच्या तारेच्या कुंपणाजवळ. पेटी लहान, म्हणून जागाही लहान मुलांच्या रांगेत मिळाली, अगदी पाण्याच्या नळाखाली. शेवटच्या दिवशी हा हात ज्याचा त्याला परत मिळो, अशी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मोनिकाने मोबाइलवर फोटो काढून वॉर्डात आणून दाखवला. शमुवेल कडवट हसला. तो म्हणाला, मढी उठतील तेव्हा माझा हात एकटाच गावभर मला हुडकत फिरेल. वर क्रूसही लावू द्यायला तो तयार होईना. हातावर नाव कोणाचं लिहिणार?

तळवड्याला घरी आल्यावर तो खचत गेला. माणसं हातावर हात धरून बसतात. त्याला तेवढीही सोय उरली नव्हती. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. लहानपणापासून तोंडपाठ असलेली प्रार्थना मोनिका शेजारी बसून म्हणायची, तेव्हा तो कानावर उशी घ्यायचा. देव आहे की नाही हा त्याचा प्रश्नच नव्हता. देव आहे आणि त्याने आपल्याकडे पाठ फिरवली आहे, असं त्याला वाटत होतं, आणि ते जास्त भयंकर होतं.

त्यात तो गेलेला हात दुखायचा. नसलेली मूठ आवळलेली असायची, प्रेस खाली येताना आवळली होती तशीच, आणि नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुतायची. डॉक्टर म्हणाले, हात गेल्याचं मेंदूला अजून कळलेलं नाही. गोळ्या दिल्या. मेंदूला काही कळलं नाही.

आणि मग फेब्रुवारीतल्या एका कातरवेळी, मोनिका गॅसपाशी असताना, कोणीतरी त्या मुठीत बोट घातलं.

बोटच होतं ते. बारीक, गार, मातीने खरखरीत झालेलं. आवळलेल्या मुठीत ते हळूच शिरलं, आत थांबलं, आणि मूठ सैल पडली. शमुवेल किंचाळला. मोनिका धावत आली, कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते पुन्हा आलं. तिसऱ्या दिवशीही. तो पांघरुणाखाली आपला थोटा हात पोटाशी धरून बसायचा आणि त्याच्या अंगावर काटा उभा राहायचा, कारण तो हात कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. तळवड्यापासून तिकडे दिघीला, तीन फूट मातीखाली, पेटीत. तिथे त्याला कोण धरतंय? काही दिवसांनी त्याला भीतीपेक्षा वाईट गोष्ट कळली. तो त्या बोटाची वाट बघू लागला होता. एका संध्याकाळी ते आलंच नाही, आणि रात्रभर तो नखं रुतवून घेत तळमळला.

मार्च सरला. उपवासाचे दिवस संपत आले, मंडळीत ईस्टरची तयारी सुरू झाली. शमुवेलने मनाशी ठरवून टाकलं होतं की हा ईस्टर आपण बघायचा नाही. ते त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि ठरवल्यावर तो इतका शांत झाला की मोनिकाला वाटलं, माणूस सावरतोय. शनिवारी दुपारी ती चर्च झाडायला गेली. त्याची फक्त एक गोष्ट बघायची राहिली होती: तिथे आपला हात कोण धरतंय. त्याने शर्टाची उजवी बाही खिशात खोचली आणि दिघीची बस पकडली.

तो पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन इथेच जमते, म्हणून कबरींना चुना लावून ठेवला होता आणि सगळीकडे ओल्या चुन्याचा वास होता. माणूस मात्र दिसत नव्हतं. तो लहान मुलांच्या रांगेकडे वळला आणि जागीच थांबला.

नळाखालच्या उंचवट्यापाशी एक बाई उकिडवी बसली होती. डोक्यावरून पदर, पाठ त्याच्याकडे. तिने उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि मातीत खुपसलं.

त्याच क्षणी ते शमुवेलच्या मुठीत शिरलं.

बाईने बोट जरासं हलवलं. ते त्याच्या तळव्यावर हललं. तो शेजारच्या कठड्याला टेकला. पळून जावं असंही त्याला वाटलं आणि ओरडावंसंही वाटलं, पण मूठ सैल पडत होती, आणि ते सुख सोडवेना.

चाहूल लागून बाईने मागे पाहिलं. ती चाळिशीकडे झुकलेली, थकलेली होती, भुतासारखी मुळीच दिसत नव्हती. तिने त्याला बसायला जागा करून दिली. तिचं नाव कस्तुरा. जालन्याकडून आलेली, नवरा चाकणला गोडाऊनमध्ये. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मूल झालं आणि ते एक रात्र जगलं. माती दिली तेव्हा ती दवाखान्यातच होती. उठता आलं तशी क्रूस शोधत इथे आली, तेव्हापासून, तापाने पडली तो एक दिवस सोडला तर, रोज येते.

शमुवेलने उंचवट्यावर पाहिलं. तिथे लहानसा लाकडी क्रूस होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘कस्तुरा यांचे बाळ’.

त्याने मोबाइल काढला. मोनिकाने माती दिल्याच्या आठवड्यात पाठवलेला फोटो त्याने अजून पुसला नव्हता. त्यात नळाखालचा त्याच्या हाताचा उंचवटा क्रूसाशिवाय उघडा होता आणि डावीकडची जागा रिकामी होती. आता डावीकडे एक नवा, उघडा उंचवटा होता आणि क्रूस नळाखाली होता. नळाची पाइप नवी होती. मग त्याच्या लक्षात आलं. पाइप बदलणाऱ्यांनी खोदायच्या आधी बाळाचा क्रूस उपटून ठेवला असणार, आणि जाताना शेजारच्या उंचवट्यावर रोवून दिला असणार. ही बाई इतके दिवस दुसऱ्याच कबरीशी बसत होती.

“एका रातीत वळख ती काय हुनार,” कस्तुरा म्हणाली. “बोट दिलं तर तेवढं धरलं त्यानं. पाळक म्हनतेत, त्या दिशी समदी उठतेत. मला भ्या एवढंच हाय, तेवढ्या गर्दीत ते मला वळखायचं कसं? म्हनून रोज बोट देते. सवय ऱ्हाऊ द्यावी.”

शमुवेलने मोबाइल, फोटो तसाच उघडा, मांडीवर ठेवला.

“अन् ते धरतंय वो,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “आदी मूठ गच्च असती, मंग सोडतंय. मालक म्हनतेत, खुळी झालीस.”

हसावं की रडावं, त्याला कळेना. पुनरुत्थानाची त्याने टिंगल केली होती आणि ही बाई त्याची रोज तालीम करत होती. खरं सांगावं तर हिचं एवढंसं सुख जाणार, न सांगावं तर ते पोर तिकडे एकटं. पोराची त्याला एकदम दया आली. इतक्या महिन्यांत त्याला दुसऱ्या कोणाची दया आलेली नव्हती. त्याने डावा हात लांब केला, शेजारच्या उघड्या उंचवट्यावर टेकवला आणि एक बोट मातीत घातलं.

माती गार होती. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खाली, अगदी टोकाशी, बारीक, ऊबदार असं काहीतरी त्याच्या बोटाभोवती वळलं आणि बोट घट्ट धरून राहिलं.

तो घाबरला नाही. याचं त्यालाच पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पाठ फिरवलेला देव आपल्या अगदी जवळ उभा आहे असं त्याला स्वच्छ वाटलं, बाजूच्या बाईइतकं जवळ.

“ताई,” तो म्हणाला, “तुमचं लेकरू इथं आहे. क्रूस चुकून तिकडे लावलाय. या इकडे, ते जागं आहे.”

कस्तुराने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मोबाइलवरच्या फोटोकडे. मग काही न विचारता सरकून आली आणि त्याच्या बोटाशेजारी तिने आपलं बोट घातलं. शमुवेलने आपलं काढून घेतलं. तिचा बदलत जाणारा चेहरा तो बघत राहिला. लष्कराच्या हद्दीतले दिवे लागले.

“मंग इतके दिस मला धरलं कोनी?” तिने विचारलं.

शमुवेलने खिशात खोचलेली बाही बाहेर काढली. ती मोकळी लोंबली.

“मी,” तो म्हणाला.

तिने बाहीकडे पाहिलं, नळाखालच्या उंचवट्याकडे पाहिलं. मग क्रूस उपटला, लेकराच्या उशाशी रोवला, आणि पदराच्या टोकाने नळाखालची माती सारखी करून दिली, रोज करत असावी तशी. शमुवेलची मूठ उघडीच होती. त्याने मान खाली घातली आणि कितीतरी दिवसांनी प्रार्थना केली. तोंडपाठ असलेली आठवेना, म्हणून साधंच बोलला: प्रभू, हात तुझ्याकडे राहू दे, मी इतक्यात येत नाही.

फाटकाशी आल्यावर कस्तुराने पदर सावरला.

“उद्या फाटं समदी येनार हितं, मेनबत्त्या घिऊन,” ती म्हणाली. “तुमी येताव ना?”

“येतो,” शमुवेल म्हणाला, आणि मोनिकाला फोन लावायला त्याने डाव्या हाताने मोबाइल काढला.