घोडेस्वारांचं अकरावं पदक

"हा चहा आहे की वाम माशांनी अंघोळ केलेलं पाणी?" आत्या मेरेआनाच्या कानाशी पुटपुटली. "आणि या खुर्च्या. बसणाऱ्याला पाठ असते हेच यांना मान्य नाही."

"आत्या, हळू. आज मला गोड बोलायचंय."

"इतकी वर्षं गोडच बोलत्येस. साखर वाढेल."

मेरेआनाला हसू आलं नाही. समोरच्या टेबलावर निळ्या मखमलीवर तिची दहा रुपेरी पदकं मांडलेली होती, आणि शेवटी अकराव्याची जागा रिकामी. मखमल आजच्यापुरतीच. एरवी ही पदकं तिच्याकडे कोंबड्यांच्या दाण्याच्या डब्यात पडलेली असत.

तारानाकीतल्या पदकसंग्राहकांची ही वर्षाची सभा. सभासद बहुतेक पांढऱ्या भुवयांचे, गोरे, आणि आपापल्या पणजोबांच्या प्रेमात पडलेले. हे पणजोबा मेरेआनाच्या लोकांच्या जमिनी बळकावायच्या लढायांच्या वेळी दुकानं आणि दुभती जनावरं बायकांवर सोपवून स्वखुशीने घोड्यावर बसले होते. पुढे सरकारने त्यांना पदकं दिली, कडेवर एकेकाचं नाव कोरून. पण सरसकट नाही. पदक मिळवायला बहुतेकांना सांगावं लागलं होतं, की शत्रूची गोळी आपल्यावर कुठे सुटली.

वाइकोरा ओढ्यावरच्या चकमकीसाठी अकरा घोडेस्वारांनी असं सांगितलं आणि पदकं घेतली. चकमक हा त्यांचा शब्द. मेरेआनाच्या घरात त्या दिवसाला नावच नव्हतं. पणजोबा तेव्हा सात वर्षांचे. ते लव्हाळ्यात गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिले, म्हणून वंश उरला. त्यांची थोरली बहीण पारेहुइया काठावर होती. ते नाव घरात पुन्हा कुणाला ठेवलं गेलं नाही.

मेरेआना या मंडळात आली ती नुसती बघायला, पदकं म्हणजे असतं तरी काय म्हणून. टाळ्या वाजवता वाजवता एके दिवशी तिला मंडळाचा रिवाज कळला. एखाद्याने एका तुकडीची एक सोडून सगळी पदकं जमवली, तर उरलेलं ज्याच्याकडे असेल त्याने ते त्याला द्यायचं. आणि देताना उभं राहून, सगळ्यांसमोर सांगायचं, पदक कुणाचं आणि त्याच्यावर गोळी कुठे सुटली. हे कुठे लिहिलेलं नाही. पण मोडणाऱ्याशी चहाला कुणी बोलत नाही, आणि या वयात चहाशिवाय उरतं काय?

तिचे लोक वामांसाठी वेलींचा पिंजरा विणतात. आत जाताना तोंड ऐसपैस, बाहेर येताना टोकं अंगात रुततात. मेरेआना त्या दिवसापासून तोच विणत होती. कुठल्या विधवेच्या खणातून, कुठल्या लिलावातून, एक तर गळाला वजन म्हणून बांधलेलं, अशी तिने दहा पदकं मिळवली. वंशजांकडे जाऊन लिंबाचा केक खाल्ला, त्यांच्या पणजोबांच्या मिशांचं कौतुक केलं. जिभेला घट्टे पडले. अकरावं कुणाकडे आहे ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणूनच ते अकरावं ठेवलं होतं.

"तू स्वतःच का नाही सांगत तिथे उभी राहून?" आत्याने एकदा विचारलं होतं.

"आपण सांगितलं की ती तक्रार होते, आत्या. त्यांनी सांगितलं की इतिहास."

नेव्हिल स्टॅनिफोर्थ उठला. मंडळाचा अध्यक्ष, त्या अकरा घोडेस्वारांच्या म्होरक्याचा, कॅप्टन स्टॅनिफोर्थचा पणतू. गावात कॅप्टनच्या नावाचा रस्ताही आहे. नेव्हिल वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. पदक कडेने कसं धरायचं ते मेरेआनाला त्यानेच शिकवलं. तिचा नवरा गेला तेव्हा भोपळ्याचं सूप घेऊन दारात आला होता, पातेलं सांडेल इतकं तिरकं धरून.

त्याने खिशातून रुमाल काढला, उलगडला. पदक आरशासारखं लखलखत होतं. सभागृहात कुणीतरी घसा खाकरला. पदकाला कधीही पॉलिश लावू नये, यावर नेव्हिल दर सभेत पाऊण तास बोलायचा.

"आईने घासलं," तो म्हणाला. "दर वर्षी एप्रिलात, सैनिकांच्या स्मृतिदिनी पहाटेच्या सलामीआधी. पुढे मीही. त्यावरच्या राणीचं नाकसुद्धा राहिलं नाही." त्याने पदक उजेडात फिरवलं. "आणि कडेवरचं नावही. त्यामुळे मेरेआना, हे त्यांचंच आहे असं मला नियमाने म्हणता यायचं नाही. तुझा संच अपुरा राहील, वाईट वाटतंय मला."

खुर्च्या करकरल्या. लोक सुटल्यासारखे हलले. पिंजऱ्याला भोक होतं तर, आणि तेही मायेने घासून पाडलेलं.

मेरेआना उठली. "आईने ते कुणाचं म्हणून घासलं, नेव्हिल?"

"पणजोबांचं."

"मग रिवाजाने सांग. त्यांच्यावर गोळी कुठे सुटली?"

"वाइकोरा ओढ्यावर. चकमकीत."

"कुणी झाडली?"

"शत्रूने. म्हणजे, तिथे जे होते त्यांनी."

"बंदुका किती होत्या त्यांच्याकडे?"

"मेरेआना, चहा गार होतोय गं," मागून एकजण म्हणाला.

"तो गरम कधी होता?" आत्या म्हणाली.

कुणी हसलं नाही. नेव्हिल पदक पुन्हा रुमालाने पुसू लागला होता. या क्षणी आपल्याला आनंद होईल असं मेरेआना किती वर्षं धरून चालली होती. तिला ते सूप आठवलं. तिने ते बाजूला सारलं. लव्हाळ्यातल्या पोराचा हात कुणी धरला नव्हता. ती टेबलाशी गेली, रिकाम्या जागेवरची मखमल तळव्याने सारखी केली आणि उभी राहिली. तिला कुठेही जायची घाई नव्हती.

"बसून बोल हवं तर," ती म्हणाली. "पण बोल."

नेव्हिल बसला नाही. "आजोबांनी मला सांगितलं होतं," तो म्हणाला, "मी लहान होतो. आईला सांगू नकोस म्हणाले. ती तर घासतच राहिली." त्याने पदक मखमलीवर ठेवलं. बोटं त्यावरून निघेनात.

"त्यांच्यावर कुणी गोळी झाडली नाही, मेरेआना. पोरं होती ती. वामं वाळत घालत होती. माझ्या पणजोबाने पोरं मारली."