डोकं, शेपूट, पोट

शिरवणे गावच्या मासळी बाजारात मैनाशी घासाघीस करून जिंकलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. अशा बाईला इंग्रजीच्या भूतकाळाने घाम फोडला, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

ही भानगड तिच्या लेकीमुळे उपटली. रुतिका दहावीला इंग्रजीत दोनदा उडाली आणि तिसऱ्यांदा बसणार नाही म्हणून हटून बसली. मैनाने समजावलं, शिव्या घातल्या, दोन दिवस अबोला धरला. पोरगी बधेना.

"मी पन बाजारात बसते तुज्यासंगं," ती म्हणाली. "तू तरी कुठं पास झालीस? इंग्रजीचा पेपर अर्धा टाकून उठून आलीस ना?"

ते खरंच होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी काही सुचेना म्हणून मैना परीक्षेतून उठली, ती थेट बाजारात येऊन बसली. पोरीने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं, आणि ते लागलं.

"मंग मी पन फॉर्म भरते, तू पन भर," मैना म्हणाली. "मी घंटा होईपर्यंत बसले, तर तू पन बसायचं."

"आनि मधी उठलीस तर?"

"तर तुजी टोपली मी सोता आनून देते."

बोलून तर बसली. मग धावत गेली सुनीतीबाईंकडे. या बाई निवृत्त शिक्षिका, नेरूळच्या सोसायटीत राहणाऱ्या, मैनाच्या जुन्या गिऱ्हाईक. दिवाळीनंतर त्या रोज दुपारी, गर्दी ओसरली की, तिच्या ओट्याशी प्लास्टिकची खुर्ची टाकून शिकवू लागल्या. बाकीचे विषय मैनाने घरी वाचून काढले. इंग्रजीतले काळ मात्र तिच्या डोक्यात शिरेनात.

"जे काल घडून गेलं, तो साधा भूतकाळ," बाई म्हणाल्या. "द फिश केम यस्टरडे."

मैनाने घाईने आजूबाजूला पाहिलं. "बाई, हलू बोला. काल आली म्हनलं तर कोन घेल?"

बाई पदराआड हसल्या. "बरं, मग तुझ्यासाठी 'द फिश हॅज कम'. आत्ताच आलीये, समोर आहे, बघून घ्या."

हा काळ मैनाला फार आवडला. तिचा सगळा धंदाच त्यात चालला होता.

खरी अडचण क्रियापदांच्या तीन रूपांची. पहिलं आठवलं की तिसरं पळायचं. आणि बाई तर बजावत होत्या, की तिसऱ्याला एकटं पाठवायचं नाही, सोबत हॅज, हॅव, नाहीतर हॅड लागतंच. शेवटी मैनाने आपल्या पद्धतीने वाट काढली. बांगडा घ्यायचा. 'गो' म्हणत डोकं उडवायचं, 'वेन्ट' म्हणत शेपूट, 'गॉन' म्हणत पोट साफ करायचं. हिवाळा संपेस्तोवर तिने अर्ध्या नेरूळचे बांगडे इंग्रजीत कापले. एका गृहस्थांच्या सुरमईवर ती 'ईट, एट, ईटन' असं काही पुटपुटली, की ते दोन पावलं मागे सरले.

रुतिकाला या प्रकाराची भारी लाज. शेजारी उभी राहून ती कापलेल्या मासळीवर पाणी ओतायची आणि म्हणायची, "आई, लोक हसतान." कोयता मात्र मैनाने तिच्या हाती कधी दिला नव्हता. एकदा हातात आला की सुटत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मार्चमध्ये दोघी एकाच वर्गात परीक्षेला बसल्या. रुतिका दोन बाकं पुढे. मैनाने हात लिंबाने चोळून चोळून धुतले होते. काळ बदलायचा प्रश्न आला आणि तिचं डोकं कोरं झालं. गो आठवेना, की गॉन आठवेना. अठ्ठावीस वर्षांपूर्वीसारखेच पाय आपोआप दाराकडे वळले. तिने पुढे पाहिलं. रुतिकाचंही पेन थांबलं होतं.

आता उठले तर पोरगीही उठेल, हे मैनाला कळलं. काय करावं न कळून तिने हात बाकाखाली घेतले. डाव्या हातात नसलेला बांगडा धरला. उजवा हात खाली आला. डोकं. शेपूट. पोट. गो, वेन्ट, गॉन. तिने भराभर लिहून काढलं आणि दुसरा बांगडा घेतला.

"हात वर करा. काय लपवलंय?" पर्यवेक्षक बाई समोर उभ्या होत्या. सगळा वर्ग वळून बघू लागला.

मैनाने दोन्ही तळवे पसरले. "काय नाय, बाई. मासली कापते. त्याबिगर आठवत नाय."

वर्ग खदखदून हसला. पर्यवेक्षक बाईंनी बाकाखाली वाकून पाहिलं, मग त्या तळव्यांवरचे कोयत्याचे जुने वण पाहिले.

"कापा," त्या म्हणाल्या. "पण आवाज नको."

रुतिका लालेलाल झाली होती. तिने मान वळवली आणि खाली घातली. आता ही उठणार, मैनाला वाटलं. तिला स्वतःचा पेपर सुचेना.

मग पोरीचा डावा हात हळूच बाकाखाली गेला. मूठ अर्धवट मिटली. उजवा हात खाली आला. डोकं. शेपूट. पोट. थोडं थांबून ती लिहू लागली.

मैनाला भरून आलं. शेजारी उभी राहून लाजणारी पोर सगळं बघत होती तर, सगळं ऐकत होती. पोट साफ करताना ती हात उलटा फिरवत होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती, आणि मैनाला ते कधी सांगायचंही नव्हतं. तिने डोळे पुसले आणि पुढचा बांगडा घेतला. घंटा व्हायला अजून पाऊण तास होता.