वयात आलेले शिंपले

ओहोटी पुरती लागली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या पोंडो लोकांच्या किनाऱ्यावरल्या बायका बादल्या घेऊन थांबल्या होत्या, आणि मत्स्य खात्याचा लुंगिसा बूट भिजू नयेत म्हणून शेवाळावरून बगळ्यासारखा येत होता. हा आता समुद्राला कायदा शिकवणार! म्हातारी नोविनिले बाजूला पचकन थुंकली.

त्याने खिशातून प्लास्टिकची कडी काढली. "कडीतून निघाला तो शिंपला पोर. हात लावायचा नाही. अडकला तो वयात आला. खुशाल काढा."

वरच्या खडकावरचे काळे शिंपले कडीतून भसाभस निघाले. तो खडक बंद. खालच्या कातळावरचा एकही निघेना. तो कातळ खुला.

नोविनिलेला त्यांचं खरं वय ठाऊक होतं. गेल्या वादळात खालचा कातळ खरवडून निघाला होता. आताचे शिंपले त्यानंतर धरलेले, वर्षाचेही नव्हते. एकदाही बी न सोडता ते गेले, तर पुढच्या वर्षी तिथे नुसता दगड.

"लग्न झालं का रे तुझं?" तिने विचारलं.

"नाही अजून, आजी."

"इतका लांब वाढलास तरी? कडी लावली नाही वाटतं कोणी!"

बायका खिदळल्या. नोविनिलेने सुरीने खालचा मोठा शिंपला फोडला. आतलं मांस पातळ, आरपार दिसणारं. मग वरचे दोन छोटे फोडले. एक केशरी, गच्च भरलेला. दुसरा दुधासारखा पांढरा.

"ही मादी, हा नर. वरचे अर्धा दिवस उन्हात उपाशी असतात, वाढतील कशाने? पण कधीचे आईबाप झालेत. खालचे दिवसभर खातात आणि नुसतं कवच वाढवतात. तुमच्या साहेबांसारखे."

लुंगिसाने तिन्ही शिंपले निरखून पाहिले. "दिसतंय मला, आजी. पण फॉर्मवर लांबीचाच रकाना आहे."

मूर्खाचा तिला राग येई. पण डोळ्यांनी बघून कागदाआड लपणाऱ्याची किळस आली.

तिची सून फुमेझा खाली वाकलीच होती. "आई, मोठे आहेत. बादली पटकन भरेल."

"भर. पुढच्या वर्षी दगड शिजव पोरांना."

नोविनिले बंद खडकावर चढली आणि लोखंडी पट्टीने छोटे शिंपले उचकटू लागली. एक काढायची, शेजारचे दोन ठेवायची.

"आजी, नाव लिहावं लागेल!"

"लिही. नोविनिले. लांबी मोजायची तर वर ये, बूट काढून."

फुमेझाने हातातला मोठा शिंपला फोडला. आत बघितलं. मग रिकामी बादली घेऊन सासूशेजारी येऊन बसली. तिच्यामागून आणखी चौघी आल्या.

बाकीच्या खालीच राहिल्या. त्यांच्या बादल्या भराभर भरत होत्या, आणि त्यांना शिकवायला जायची आता नोविनिलेला इच्छा नव्हती.